वरचा रुपया

मिरजेत त्या सुमारास मुलगी बघायला आलेली माणसंसुद्धा पोहे पुढं यायच्या आधी छाया विचारून घेत. शिक्षण, पगार, पत्रिका हे सगळं नंतर. छाया हिरवी असली तर पोह्यांची दुसरी बशी मागवली जाई, तांबडी निघाली तर पाहुण्यांना एकाएकी सांगलीत काहीतरी काम आठवे. शलाका आवटीला आता कुणी बघायला येणार नव्हतं. एक लग्न करून आणि ते मोडून ती परत आईपाशी राहायला आली होती, आणि पुन्हा त्या वाटेला जायची तिला हौस नव्हती. तिला हवी होती नोकरी. पण तिची छाया तांबडी होती, आणि नोकरी देणारे लोक पाहुण्यांपेक्षा जास्त कडक असतात.

छाया म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. पूर्वी बँका माणसाची पत मोजत. घेतलेलं कर्ज फेडलं का, हप्ते वेळेवर गेले का, एवढाच तो मामला असे, आणि तो ज्याचा त्याचा असे. पुढं डॉ. मुकुल देवस्थळी नावाच्या साथरोगतज्ज्ञानं दाखवून दिलं की पैशाची तंगी गोवरासारखी पसरते. एकाचा हप्ता चुकला की तो भावाकडे हात पसरतो, मग भावाचं गणित बिघडतं आणि तो मित्राकडे जातो. कोण कुणाशी किती वेळा देवघेव करतं हे समजलं, तर तंगी कुणाच्या दारात कधी पोचणार हे आधीच सांगता येतं. नोटा आणि नाणी व्यवहारातून केव्हाच गेली होती, सगळी देवघेव फोनवरून होत असे, त्यामुळे हे समजायला कसलीच अडचण नव्हती. या अंदाजाचा जो आकडा निघे त्याला छायांक म्हणत. दुसऱ्याच्या तंगीची तुमच्यावर पडलेली छाया, असा त्याचा अर्थ. लोकांनी बोलताना त्यातला अंक गाळला आणि नुसती छाया ठेवली.

आधी हा आकडा बँकांपुरताच होता. मग कुणीतरी म्हणालं, तिजोरी सांभाळणाऱ्याचा बघायला काय हरकत आहे? हरकत कुणालाच दिसली नाही. तिजोरीच्या मागोमाग औषधांचं भांडार आलं, मग दवाखाने, मग शाळा, आणि शेवटी गोदामावरचे ड्रायव्हर आणि दारावरचे पहारेकरीही त्यात आले. तंगीतल्या माणसाला मोह होतो, हे वरवर पटण्यासारखं होतं. वरवर पटणारी गोष्ट कायद्यात शिरायला वेळ लागत नाही.

शलाका रक्त तपासणारी तंत्रज्ञ होती. तिची जुनी प्रयोगशाळा बंद पडली, तेव्हा दुसरी सहज मिळेल असं तिला वाटलं होतं, कारण तिच्या हाताला चांगलं वळण होतं. दोन दवाखान्यांनी मुलाखत घेतली, कौतुक केलं आणि पुन्हा फोन केला नाही. तिसऱ्या ठिकाणी, एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत, मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी निदान तोंडावर सांगितलं.

"तुमचं काम आम्हाला आवडलं," त्या म्हणाल्या. "पण छाया तांबडी आहे. रक्तपेढीत आम्ही तांबडा माणूस घेत नाही."

शलाकाला त्याही अवस्थेत हसू येणार होतं, ते तिनं आवरलं.

"मी एकही हप्ता चुकवलेला नाही, मॅडम. कर्जच नाही माझ्यावर."

"असेलही. पण आम्हाला कारण दिसत नाही, रंग दिसतो. दिवाळीपर्यंत जागा ठेवते. तोवर दुरुस्त करून आणा."

दिवाळीपर्यंतच घरातली शिल्लकही पुरणार होती. बाईंना हे ठाऊक नव्हतं, पण शलाकाला होतं, आणि त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला. आई रोज संध्याकाळी चहाचा कप हातात देताना विचारायची, "फोन आला का गं?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच दुसरा विषय काढायची. शलाकाला तो दुसरा विषय जास्त लागायचा.

ज्याला छायेमुळे नोकरी नाकारली गेली, त्याला कारण समजून घ्यायचा हक्क कायद्यानं ठेवला होता. त्याला छायाखुलासा म्हणत. तो सांगलीला एका सरकारी इमारतीत होई, आणि तिथं शलाकासमोर येऊन बसला तो साक्षात देवस्थळी. सत्तरीला टेकलेला, सुती सदऱ्यातला माणूस. ज्यानं छाया काढली तो खुलासा देत बसतो हे तिला विचित्र वाटलं, आणि तसं ती बोलूनही गेली.

"निवृत्त झालो, घरी बसवेना," देवस्थळी म्हणाले. "आठवड्यातून एकदा येतो. बसा की."

त्यांनी भिंतीवर तिच्या देवघेवीचा नकाशा उघडला. मधे एक तांबडा ठिपका, तो म्हणजे शलाका, आणि त्यातून गल्लीभर गेलेल्या रेघा. मालनकाकू खोत, कोपऱ्यावरचे शिंपी, डॉक्टरांची बायको, सगळे होते. आपली गल्ली अशी वरून कधी दिसेल असं शलाकाला वाटलं नव्हतं. क्षणभर तिला ती सुंदरही वाटली.

"तुम्ही लोकांना थोडेथोडे पैसे देता," देवस्थळी म्हणाले. "पाचशे, दोनशे, हजार. काही दिवसांनी ते परत येतात. इथवर ठीक आहे. पण ते जास्त होऊन येतात. यंत्र म्हणतं, ही चोरटी सावकारी आहे. गल्लीत लहान कर्जांचं जाळं आहे आणि त्याच्या मधोमध तुम्ही आहात."

"मी? सावकारीण?"

"पाचशे दिले, पाचशे एक आले. दोनशेचे दोनशे एक. प्रत्येक वेळी. हा एक रुपया कसला?"

हे कुणी विचारेल असं तिला स्वप्नातही वाटलं नसतं.

"तो वरचा रुपया आहे," ती म्हणाली. "उसनं परत देताना बरोबर तेवढंच कसं द्यायचं? साखरेची वाटी परत करताना आपण रिकामी करतो का? चार शेंगदाणे तरी टाकतो. आता पैसे फोनवरून जातात, त्यात शेंगदाणे कुठं टाकणार. म्हणून रुपया टाकतात."

देवस्थळींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "आमची आई गुळाचा खडा टाकायची. डब्याला चिकटायचा तो, मी बोटानं काढून खायचो." ते स्वतःशीच हसले. "मी ही सगळी गणितं मांडली तेव्हा कागदावर व्याज होतं, मुद्दल होतं. गुळाचा खडा काही माझ्या डोक्यात आला नाही."

"मग आता?"

"आता सोपं आहे. यंत्राला शिकवायचं की उसनवारीवरचा एक रुपया म्हणजे व्याज नव्हे. महिन्याभरात तुमची छाया पुन्हा मोजतो."

शलाकाला इतकं हलकं वाटलं की उठायचं सोडून ती बोलतच बसली. तिनं विचारलं, "डॉक्टर, एक विचारू का? हे सगळं तुम्ही काढलंत कशाला? लोकांच्या नोकऱ्या घालवायला?"

देवस्थळींना राग आला नाही. बहुधा हा प्रश्न ते स्वतःलाच बरेचदा विचारत असावेत.

"गोवराची साथ आली की आम्ही असाच नकाशा काढायचो," ते म्हणाले. "कुठल्या गल्लीत ताप आहे ते बघायचं आणि तिथं लस घेऊन जायचं. पैशाचंही तसंच करायचं माझ्या मनात होतं. जिथं तंगी पोचणार, तिथं आधी मदत पोचवायची. नकाशा एकच असतो हो. डॉक्टर तो बघून त्या गल्लीत जातो, आणि नोकरी देणारा तो बघून त्या गल्लीतून पाय काढतो. मी फक्त डॉक्टरचा विचार केला होता."

"मग बंद करा ना त्यांचं बघणं."

"माझ्या हातात असतं तर तुम्ही इथं आला नसता."

घरी आल्यावर शलाकानं आईला सगळं सांगितलं. आई आधी घाबरली, मग रुपयाचं ऐकून तिला हसू आवरेना. "म्हणजे मी तुला शिकवलं ते गुन्ह्यात निघालं होय," असं म्हणत ती शेजारी मालनकाकूंना सांगायला गेलीसुद्धा. मालनकाकू म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. शलाका लहान असताना आई नोकरीवर जायची तेव्हा त्यांच्याच घरात ती जेवायची. त्यांचा मुलगा विशू एका गोदामावर ड्रायव्हर होता. उन्हाळ्यात त्याची नोकरी गेली, कारण म्हणून नुसतं "छायेत बदल" एवढंच कळवलं होतं. तेव्हापासून काकूंचं हसणं जरा कमी झालं होतं. पण त्या दिवशी रुपयाच्या गोष्टीला त्याही पोट धरून हसल्या. "अगं बया, मी तर तुला एकदा दोन रुपये वर दिलं हुतं," त्या म्हणाल्या. "मला फाशीच व्हायची."

महिना सरत आला तसं शलाका फोन उशाशी घेऊन झोपायला लागली. देवस्थळींनी निरोप पाठवला नाही, भेटायला बोलावलं. चांगली बातमी असती तर निरोपावर भागलं असतं, हे तिला बसमध्ये बसल्यावर सुचलं आणि पुढचा सगळा रस्ता तिनं खिडकीबाहेर न बघता काढला.

भिंतीवर तोच नकाशा होता. ठिपका अजून तांबडाच होता.

"रुपया काढून टाकला," देवस्थळी म्हणाले. "यंत्रानं तो मान्यही केला. तुम्ही आता सावकारीण नाही."

"मग हा तांबडा कशाला?"

त्यांनी बोटानं एक जाड रेघ दाखवली. ती मालनकाकूंच्या ठिपक्याकडे जात होती, आणि तो ठिपका तिच्याहून गडद होता.

"तुमची सगळ्यात जास्त देवघेव या बाईंशी आहे. त्यांच्या घरात हप्ते थकलेत. हे खरे थकलेले हप्ते आहेत, यात रुपयाची भानगड नाही. त्यांची छाया तुमच्यावर पडते आहे."

"विशूची नोकरी गेली म्हणून थकले. नाहीतर ती माणसं एक दिवस उशीर करणारी नाहीत."

"नोकरी का गेली?"

"छायेत बदल झाला म्हणून."

देवस्थळींनी बोट त्याच रेघेवरून उलट, तिच्या ठिपक्याकडे आणलं.

"कुणाची छाया?" तिनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"तुमची," ते म्हणाले. "यंत्रानं रुपया बघितला आणि तुम्हाला सावकार ठरवलं. ते चूक होतं. सावकाराकडून वारंवार उसनं घेणारं घर म्हणून खोतांची छाया तांबडी झाली. तेही चूक होतं. पण गोदामवाल्यानं ती बघितली आणि मुलाला काढलं. नोकरी गेली म्हणून हप्ते थकले, आणि हप्ते थकले हे मात्र खरं आहे. आता तीच तंगी उलट फिरून तुमच्या दारात आली आहे."

"पण सुरुवात तर चुकीची होती. ती दुरुस्त केलीत ना तुम्ही?"

"केली. पण आता यंत्र चुकत नाहीये, हीच अडचण आहे." त्यांचा आवाज खाली आला होता. "कुणी बघितला नसता तर तो आकडा नुसता चुकीचा राहिला असता, आणि चुकीचा आकडा मी दुरुस्त करू शकतो. नोकरी देणाऱ्यांनी तो बघितला, त्यावर विश्वास ठेवला, आणि त्यांच्या विश्वासानं तो खरा झाला. खरा आकडा मी कसा खोडू?"

विशूचा पहिला हप्ता अडला तेव्हा पैसे शलाकानंच दिले होते. आपण मदत केली म्हणून ती त्या दिवशी समाधानानं झोपली होती. आता ते आठवून तिला शरम वाटली, आणि शरम वाटण्यासारखं तिनं काहीही केलं नव्हतं, याचा तिला संतापही आला.

"काही उपाय?" तिनं विचारलं.

देवस्थळींनी तिच्याकडे न बघता सांगितलं. "फोनवर एखाद्याशी देवघेवीचे संबंध थांबवायची सोय आहे. ती वापरली की ही रेघ पुसली जाते. मग दिवाळीच्या आत तुमची छाया हिरवी होईल. समोरच्याला मात्र तसं कळवलं जातं."

"आणि काकूंची?"

"त्यांच्या बाजूनं एक चांगली रेघ तुटेल. आणखी गडद होईल."

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"मी तुमच्या जागी नाही," देवस्थळी म्हणाले. "म्हणूनच तर हे सगळं काढू शकलो."

दोन दिवस शलाकानं आईला काही सांगितलं नाही. शिल्लक बघितली, पुन्हा बघितली, बघून ती वाढणार नव्हती. आईच्या गोळ्या आणायच्या होत्या, भाडं द्यायचं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा निरोप आला, दोनशे असतील का, गॅस संपलाय, बुधवारी देते. तो निरोप उघडा असतानाच तिनं संबंध थांबवले. बोट ठेवायला काही जोर लागला नाही. भिंतीपलीकडे काकूंचा फोन वाजलेला तिला ऐकू आला.

दुपारी तिला एक युक्ती सुचली, आणि तिचा जीव जरा भांड्यात पडला. यंत्राला पैसे दिसतात, तांदूळ कुठं दिसतात? तिनं आईचं नाव कोरलेला स्टीलचा मोठा डबा घेतला, तांदूळ भरले, वर डाळीची पुडी ठेवली, शिजवायला विजेची शेगडी काखोटीला मारली आणि शेजारी गेली. जाताना तिनं मनातल्या मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, नकाशा, रेघा, रुपया, विशू. दारात काकूंना बघितल्यावर त्यातलं एक अक्षर आठवेना.

"काकू, मला ते करावं लागलं," एवढंच ती म्हणाली.

"कळलं मला," मालनकाकू म्हणाल्या. त्यांनी डबा आणि शेगडी घेतली. "नोकरी लागंल न्हवं त्यानं? मग झालं. रडतीस कशाला."

शलाकानं मनाशी ठरवलं की असंच चालवायचं. पैसे नाही तर नाही, जिन्नस द्यायचे. विशूला काम लागेपर्यंत काकूंच्या चुलीला कमी पडू द्यायचं नाही. यंत्राला चकवल्याचा तिला थोडा आनंदही झाला.

दिवाळीच्या तोंडावर तिच्या फोनवर छाया हिरवी झाली आणि त्याच दिवशी रक्तपेढीतल्या त्या बाईंचा फोन आला. या वेळी त्यांचा आवाज फार गोड होता. सोमवारपासून या म्हणाल्या. आईनं देवापुढं साखर ठेवली, आणि शेजारी साखर द्यायला म्हणून उठली, तेवढ्यात दार वाजलं.

दारात मालनकाकूच होत्या, पण उंबऱ्यापासून दोन हात लांब उभ्या. शेगडी त्यांनी पायरीवर ठेवली होती. त्यांनी डबा पुढं केला तोही हात लांब करून, शलाकाच्या हाताला हात लागणार नाही असा.

"घे गं. चांगला घासून आणलाय, दोनदा."

"आत या की काकू. नोकरी लागली मला. साखर घ्या."

"ऐकलं भिंतीतनं. लई बरं झालं." त्या हसल्या, पण पाय पुढं टाकला नाही. "आत नको बाई. तुझं आत्ता कुठं हिरवं झालंय. आमचं काय उगंच तुला लागायला नको. आणि आता तांदूळबिंदूळ आणू नकोस."

"काकू, ते असं लागत नाही. यंत्राला फक्त पैसे दिसतात. ते सगळं चुकीतून झालंय, मी समजावून सांगते तुम्हाला."

"असंल. पण विशूचं गेलं, ते काय चुकीचं गेलं? खरंच गेलं की." त्या मागं वळल्या. "जपून ऱ्हा."

शलाकानं झाकण उघडलं. डबा रिकामा होता. शेंगदाणे नव्हते, गुळाचा खडा नव्हता, चार तांदूळसुद्धा मागं ठेवलेले नव्हते. आत तिचाच चेहरा दिसावा इतका तो लख्ख पुसलेला होता. या दोन घरांमधून इतक्या वर्षांत एकही भांडं असं आलं नव्हतं. कुठल्याही यंत्राला हा डबा दिसला नसता, आणि काकूंना ते कळत नव्हतं असंही नाही.

ती डबा घेऊन स्वयंपाकघरात गेली. फळीवर इतर भांड्यांच्या रांगेत त्याची जागा होती. तिथं ठेवायला म्हणून तिनं हात वर केला आणि तो तसाच थांबला. मग दोनदा घासून आलेला तो डबा तिनं खाली घेतला, नळ सोडला, घासणीवर साबण घेतला आणि घासायला लागली.

"काय घातलं गं मालननं डब्यात?" आईनं बाहेरून विचारलं.

"काही नाही," शलाका म्हणाली, आणि डबा उलटा करून पुन्हा बुडापासून घासायला लागली.